जोखडावरची उशी

कोसाडहून एका वडीलधाऱ्या वाचकांनी आमच्याकडे विचारणा केली आहे. त्यांची कन्या व जावई अमेरिकेत असतात. नोकरीतून मोकळे झाल्यावर वर्षातील काही महिने देश पाहत हिंडावे, असा त्या उभयतांचा बेत असून त्यासाठी त्यांनी चाकांवरचे घर, म्हणजे 'फिफ्थ व्हील' जातीचा ट्रेलर घेतला आहे. तो पिकअप ट्रकला जोडून न्यावयाचा असतो. पहिल्याच प्रवासात काँक्रीटच्या रस्त्याच्या दर सांध्यागणिक मागून हिसके बसू लागले आणि कन्येची कंबर धरली. आता जोडाच्या ठिकाणी उशी असलेला 'पिन बॉक्स' बसवावा, असे घाटत आहे. त्याचे प्रकार अनेक आणि किंमतही हलकी नव्हे. त्यांतला कोणता घ्यावा, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न पत्रलेखकांचा स्वतःचा आहे. त्यांनी हजिऱ्याहून धुळ्याकडे ट्रेलर नेण्यात उमेदीची वर्षे घालवली. ते विचारतात, ‘आम्ही जन्मभर हिसके खाल्ले, आम्हांला कोणी उशी दिली नाही. ही खरोखरीची गरज आहे, की नुसते चोचले?’

दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा आहे, म्हणूनच घरगुती विषयांच्या या सदरात हा यंत्राचा विषय आम्ही घेत आहोत. दोन्ही प्रश्नांची उकल एकाच ठिकाणी, ओढणारा आणि ओढले जाणारे यांच्या जोडात, आहे.

असे जोड पाहावयास अमेरिकेस जाण्याची आवश्यकता नाही. सुरतेहून उत्तरेस निघालेली आगगाडी तापी ओलांडून उत्राण व त्यानंतर कोसाड येथे येते. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि कोसाड शहरात सामावले. तरी सायणचा साखर कारखाना आणि त्याच्या भोवतालचा ऊस तेथून दूर नाही. हंगामात खानदेश व डांग या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत उतरतात. काही टोळ्या बैलगाडीसह येतात. पलीकडे हजिरा येथे राष्ट्रीय महामार्ग ५३ चा आरंभ होतो आणि तोच रस्ता धुळे-जळगावकडे जातो. त्यावरून पोलादाची वेटोळी आणि पेट्या लादलेले ट्रेलर अहोरात्र धावतात. रेल्वेचा डबा, उसाची गाडी आणि हजिऱ्याचा ट्रेलर हे तिन्ही जोड कोसाडकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत.

प्रथम नावाचा उलगडा करू. ट्रेलरला ‘पाचवे चाक’ का म्हणावे? घोड्यांच्या चारचाकी गाडीत पुढचा आस वळावा म्हणून आस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे चक्र बसवीत. रस्त्याला न टेकणारे हे पाचवे चाक. पुढे मोटारी आल्या. डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी १९१४ साली एका लाकूड-व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाची गाडी बनविली आणि अर्ध्या ट्रेलरचा धंदा मार्गी लागला. अशा ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकते. आपली चालकमंडळी त्या पुढच्या गाडीला ‘घोडा’ म्हणतात, ते सर्वथा योग्य आहे. घोड्याच्या पाठीवर तेल-ग्रीस माखलेली जाड तबकडी असते, तीच आजची फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या तळाशी खाली आलेला पोलादी खुंट म्हणजे किंग पिन. तो तबकडीच्या खाचेत शिरतो आणि जबडा त्याची मान पकडतो. मालवाहू ट्रेलरमध्ये हा खुंट तळाच्या पत्र्यालाच पक्का बसविलेला असतो. चाकांवरच्या घराचे पुढचे टोक मात्र उंच असते, म्हणून तेथे खुंट एका पोलादी पेटीच्या टोकाला लावून खाली आणतात. हाच पिन बॉक्स.

आता भाराकडे वळू. बैलगाडी भरणाऱ्यास ठाऊक असते की, माल फार मागे गेला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फार पुढे आला तर सारा भार मानेवर बसतो. या ट्रेलरचे गणित तेच. एकूण वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के वजन खुंटावर यावे, असा दंडक आहे. मोटारीच्या मागच्या गोळ्याला जोडावयाच्या लहान ट्रेलरात हे प्रमाण १० ते १५ टक्के धरतात. प्रमाण कमी झाले तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, अधिक झाले तर ओढणाऱ्या गाडीची पाठ दबते आणि पुढच्या चाकांची जमिनीवरील पकड सैल होते. उशी कितीही उत्तम आणली तरी या प्रमाणातील चूक तिने सुधारत नाही.

परंतु उभा भार हा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग हिसक्याचा. ट्रेलर व गाडी यांचा वेग क्षणोक्षणी तंतोतंत एक राहत नाही. रस्त्यातील सांधा, खड्डा, ब्रेकचा दाब यांमुळे मागचे ओझे कधी पुढे रेटते, कधी मागे ओढते. सहा टनांचा ट्रेलर पुढच्या गाडीपेक्षा सेकंदाला केवळ २० सेंटिमीटर अधिक वेगाने सरकला, असे समजा. पुढची गाडी बाजूला ढळत नाही असे धरले, तर हा जादा वेग २ मिलिमीटरांत थोपविण्यासाठी सरासरी सुमारे ६ टनांचा रेटा लागतो. तोच वेग २ सेंटिमीटरांत थोपवावयाचा असेल, तर सुमारे ६०० किलोंच्या रेट्यात भागते. ओझे, वेग सारे तेच. थांबण्यास दहापट जागा मिळाली आणि रेटा दशांशावर आला. उशीचे सारे शास्त्र एवढ्यात आले. उशी धक्का नाहीसा करीत नाही. त्याला वाव देऊन सौम्य करते.

रेल्वेच्या प्रवाशांनी हे स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे. जुन्या आय.सी.एफ. डब्यांना दोन्ही बाजूंस स्प्रिंगचे बफर असत आणि मधला आटा आवळून ते एकमेकांवर दाबलेले असत. डब्यांमध्ये मोकळीक उरत नसे. नव्या एल.एच.बी. डब्यांना मध्यभागी एकच जोड आला. तो अपघातात अधिक सुरक्षित, पण त्यातील मोकळिकीमुळे गाडी सुटताना व थांबताना हिसके बसू लागले आणि प्रवाशांच्या तक्रारी आल्या. रेल्वेने डबे फेकून दिले नाहीत. जोडामागील धक्काशोषक यंत्रणा सुधारली. यातून दोन गोष्टी ध्यानी याव्यात. जोडातील अनावश्यक मोकळीक हा एक रोग आहे आणि जोडामागे लवचीकपणा नसणे हा दुसरा. उशी दुसऱ्या रोगावरचे औषध आहे. पहिल्यावर तिचा उपयोग नाही. जबडा झिजून खुंट त्यात खुळखुळत असेल, तर त्यावर उशी बसविणे म्हणजे दुखऱ्या दातावर अत्तर लावणे होय.

उशीची कल्पना आजची नाही. अमेरिकेचे आद्य वैमानिक व विमान-निर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा प्रवासी ट्रेलर बाजारात आणला. त्याच्या जोडासाठी त्यांनी मोटारीच्या मागील भागात विमानाचे हवा भरलेले चाक आडवे बसविले आणि ट्रेलरचा खुंट त्याच्या मध्यभागी सोडला. हिसका आला की तो टायरमधील हवेने झेलावा. शंभर वर्षे होत आली, तरी आजच्या एअर बॅगचे तत्त्व हेच आहे.

आज मिळणारे प्रकार ढोबळ मानाने तीन. पहिला ताठ पोलादी पिन बॉक्स. त्यात लवचीक भाग नाही, म्हणून बिघडण्यासारखेही फारसे नाही. दुसरा रबराचा, त्यात रबराचे ठोकळे दाबले वा पिळले जाऊन धक्का घेतात. त्याची निगा थोडी, परंतु प्रत्येक ठोकळा ठरावीक भारासाठी बनविलेला असतो आणि ऊनपावसाने रबर कालांतराने चिरते. तिसरा हवेच्या फुग्याचा. त्यातील हवा कमीअधिक करून तो आपल्या भाराशी जुळविता येतो. मात्र दाब प्रत्येक प्रवासापूर्वी पाहावा लागतो, फुगा गळू शकतो आणि सोबत शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसेल तर धक्का जिरण्याऐवजी गाडी झुलत राहते. उशी आणि पाळणा यांत भेद आहे, हे खरेदी करताना विसरू नये. याखेरीज काही जोडांत उशी ट्रेलरकडे नसून पिकअपमध्ये बसविलेल्या तबकडीखालीच असते. दोन्हीकडे उशा घातल्या म्हणजे दुप्पट सुख लाभते, असे नाही. दोहोंचे डोलणे एकमेकांत मिसळून भलताच झोका निर्माण होण्याचा संभव असतो.

मग निवड कशी करावी? आमचे सांगणे असे की, दुकानापूर्वी वजनकाट्यावर जावे. प्रवासाचे सर्व सामान, पाणी व गॅसच्या टाक्या भरलेल्या स्थितीत ट्रेलर जोडावा आणि केवळ पिकअपची चाके काट्यावर राहतील अशा रीतीने वजन घ्यावे. मग संपूर्ण जोडीचे वजन घ्यावे. शेवटी ट्रेलर सोडून एकट्या पिकअपचे घ्यावे. समजा, एकटी पिकअप ३,५०० किलो भरली, जोडल्यावर तिच्या चाकांवर ४,७०० किलो आले आणि संपूर्ण जोडी ९,५०० किलो झाली. खुंटावरचा भार १,२०० किलो, ट्रेलरचे वजन ६,००० किलो, म्हणजे प्रमाण २० टक्के. हे ठीक आहे. माहितीपत्रकातील रिकाम्या ट्रेलरच्या आकड्यावर विसंबू नये. संसार भरला की घराचे वजन वाढते, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते.

या १,२०० किलोंना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, पिकअप एवढे पेलू शकते काय? तिच्या वहनक्षमतेत खुंटाच्या भाराबरोबर जोडाच्या यंत्राचे वजन, माणसे आणि मागे ठेवलेले सामानही धरावयाचे असते. दुसरी, उशीची मर्यादा. भार तिच्या किमान मर्यादेखाली असेल तर उशी दबणारच नाही आणि पैसे देऊन ताठ जोडच पदरी पडेल. भार कमाल मर्यादेच्या वर असेल तर उशी तळाला टेकेल आणि लोखंडावर लोखंड आदळेल. आपला भार दोन्ही टोकांपासून दूर, मधल्या पट्ट्यात यावा. तिसरी, सांगाड्याची. काही पिन बॉक्स खुंट पुढे वा मागे नेतात, त्यामुळे ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्यावरील पीळ बदलतो. सांगाडा बनविणाऱ्याची लेखी अनुमती असल्याखेरीज मूळ पेटी काढू नये. हमी जाते ती जाते, वर जोडणीला तडा जाण्याचे भय राहते. पिकअपचा हौदा आखूड असेल, तर वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनला लागणार नाही ना, हेही मोजून पाहावे.

आणि खर्च करण्यापूर्वी फुकटचे उपाय करून घ्यावेत. ट्रेलर जोडल्यावर समतल उभा आहे काय? चाकांतील हवा योग्य आहे काय? ट्रेलरचे ब्रेक पुढच्या गाडीबरोबर लागतात काय? ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागला तर प्रत्येक थांब्यास मागून ढकलणी बसणारच. जबड्यातील मोकळीक काढली आहे काय? अनेकदा निम्मा त्रास एवढ्यानेच जातो. उरलेल्या निम्म्यासाठी उशी घ्यावी. फिरणे थोडे, भार बेताचा आणि नित्य निगा करण्याचा कंटाळा असेल तर रबराची. लांबचे प्रवास, बदलता भार आणि दाब पाहण्याची शिस्त असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह हवेची, असा आमचा कौल आहे.

आता चोचल्यांचा प्रश्न. वडीलधाऱ्यांनी हिसके सोसले, यात त्यांची सहनशक्ती दिसते. हिसके निरुपद्रवी होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सबंध शरीराला बसणारे कंपन मोजण्यासाठी आज आय.एस.ओ. २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी अशा कंपनाच्या मर्यादाही ठरविल्या. ट्रेलरचालकांच्या घरी रात्री कंबरेला शेक देणाऱ्या माउलीला कोणत्याही मानकाची आवश्यकता नव्हती. तिला ते पूर्वीच कळले होते. धक्का कोठेतरी जिरतोच. जोडात जिरला नाही तर तो लोखंडाच्या जोडणीत, चालकाच्या कण्यात वा बैलाच्या मानेत जिरतो. यांपैकी बदलता येण्याजोगा सुटा भाग केवळ जोडात आहे. कणा आणि मान यांचे सुटे भाग मिळत नाहीत.

बैलाच्या मानेचा विचारही आपल्याकडे झाला आहे. सांगली जिल्ह्यात राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली उसाच्या बैलगाडीसाठी ‘सारथी’ नावाची योजना पुढे आणली. दोन बैलांच्या मध्ये, जोखडाखाली, जमिनीवर फिरणारे एक चाक त्यांनी बसविले. उभा भार चाकाने घ्यावा, बैलांनी केवळ ओढावे. अमेरिकेतील पिन बॉक्स आणि हे चाक यांची जात वेगळी. एक हिसका झेलते, दुसरे ओझे पेलते. पण दोहोंमागे विचार एकच, की ओढणाऱ्याने ओढण्याचेच श्रम करावेत, जोडाच्या उणिवेची शिक्षा भोगू नये.

येथे मात्र एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. सोय झाली की तिचा पहिला लाभ मालाला देण्याची माणसाला खोड आहे. बैलाची मान हलकी झाली, तर गाडीत आणखी चार मोळ्या रचाव्यात. पिन बॉक्स मऊ झाला, तर ट्रेलरमध्ये आणखी एक कपाट भरावे, असा मोह होतो. मग भार पूर्वीपेक्षा अधिक होतो आणि उशी मात्र तीच राहते. आपल्या देशात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भार वाहण्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे. पण दंड मालक भरतो आणि हिसका चालक खातो. म्हणून दंडाच्या भयापेक्षा घरच्या माणसाच्या कंबरेचे भय अधिक असावे.

हजिऱ्याच्या मार्गावर असलेल्या आपल्या तरुणांना त्या अमेरिकन उशा मिळावयाच्या नाहीत. त्यांचा खुंट तळाच्या पत्र्यालाच पक्का आहे. त्यांच्या धक्क्याची वाट घोड्याच्या स्प्रिंगा, केबिनच्या बैठका आणि चालकाचे आसन यांमधून जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन आवश्यक ठरले. उकाड्याची दखल उशिरा का होईना घेतली गेली. धक्क्याची दखल निदान घोडा विकत घेणाऱ्या घराने घ्यावी. कर्ज काढून घोडा घेताना झुलीला, दिव्यांना आणि भोंग्याला पैसे निघतात. त्यातूनच स्प्रिंगचे अथवा हवेचे उत्तम आसन घ्यावे. तबकडीला वेळेवर ग्रीस द्यावे. जबडा व खुंट यांची झीज कारागिराकडून मोजून घ्यावी. ट्रेलर जोडल्यावर विजेरी घेऊन खाली वाकून पाहावे: तबकडी व ट्रेलर यांच्यात फट नाही ना, जबडा खुंटाच्या मानेभोवती पुरता मिटला आहे ना. मग पहिल्या गिअरमध्ये हलकेच ओढून खात्री करावी आणि त्यानंतरच ट्रेलरचे पाय उचलावेत. दोन मिनिटांचे काम आहे. घाईच्या रात्री तेच प्रथम सुटते, म्हणून घरातून निघणाऱ्यास त्याची आठवण करून देण्यास कोणी संकोचू नये.